वखारीतल्या तुकड्यातून लाकडी पेन : लेथकाम करणाऱ्यांसाठी एक जोडधंदा

आपल्या समाजात सुतारकाम, फर्निचर आणि खरादीकाम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, जिन्याचे खांब, पोळपाट-लाटणी ही लेथवरची कामे एके काळी त्यांना वर्षभर पुरत असत. प्लायवूड, लोखंडी पलंग आणि कारखान्यात एकसारखे निघणारे तयार फर्निचर आले आणि ही कामे कमी होत गेली. लेथ यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडले. वडिलांच्या हाताला असलेली सफाई मुलाने शिकलीच नाही, कारण शिकून पोट भरेल असे त्याला वाटले नाही. अशा कारागिरांनी आता काय करावे, हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो.

त्याला एक उत्तर असे आहे : ज्यात लाकूड थोडे, हातकाम जास्त आणि माल खिशात मावेल इतका लहान, अशा वस्तूंकडे वळावे. हाताने कातलेले लाकडी पेन ही त्यातली एक वस्तू. त्याला वीतभर लाकूडही पुष्कळ होते. सुतार जे तुकडे चुलीत घालतो किंवा वखारवाला पोत्याच्या भावाने विकतो, त्यातूनच ते तयार होते. हाताने कातलेले पेन विकत घेणारे गिऱ्हाईक आपल्या देशात पूर्वीपासून आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी १९३२ पासून लेथवर पेने बनवली. ती लाकडाची नसून एबोनाइट नावाच्या कडक रबराची होती, पण स्वदेशीच्या काळात त्यांचे नाव झाले आणि हातकामाच्या पेनाला मान मिळू शकतो हे सिद्ध झाले.

मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. गिऱ्हाईक लाकडाचे पैसे देत नाही, लाकूड तर जवळजवळ फुकट असते. तो पैसे देतो ते लाकूड नीट सुकवलेले असण्याचे, माप बरोबर असण्याचे आणि सांगितलेले लाकूड खरोखर तेच असण्याचे. या तीन गोष्टी सांभाळल्या तर धंदा टिकतो. यांपैकी एक जरी सुटली तर सहा महिन्यांत पेन परत येते आणि त्याबरोबर नावही जाते.

लाकडी पेनाची रचना

पेनाचे धातूचे सुटे भाग तयार कीटमध्ये मिळतात : टोक, क्लिप, मधली कडी, फिरवायचा मळसूत्री भाग, रिफील आणि पितळेच्या दोन नळ्या. कारागिराने करायचे ते एवढेच, की लाकडाच्या दोन कांड्यांना भोक पाडून त्यात पितळी नळ्या चिकटवायच्या, बाहेरून कातून आकार द्यायचा, पॉलिश करायचे आणि धातूचे भाग दाबून बसवायचे. सर्वांत साध्या बारीक पेनाच्या नळीचा बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ५३ मिलिमीटर असते. जाड पेनांची मापे वेगवेगळी असतात. म्हणून कीट हातात आल्यावर नळी मोजूनच ड्रिल विकत घ्यावे, अंदाजाने घेऊ नये.

कातून झाल्यावर नळीवर लाकडाचा थर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरतो, टोकाला त्याहून कमी. पलंगाच्या पायात खपून जाणारा दोष इथे खपत नाही, कारण इतक्या पातळ थरात तो लपायला जागाच नसते.

लाकूड कोणते घ्यावे

शिसव आणि साग सर्वांना ठाऊक आहेत. पण गिऱ्हाईक थांबते ते न पाहिलेल्या लाकडापाशी. आपल्या आसपासच्या झाडांकडे आपण फळ, सावली किंवा सरपण म्हणून पाहतो. त्यांचे लाकूड आतून कसे असते हे फारच थोड्यांना माहीत असते. त्यातली काही झाडे पाहू.

चिंच : मटणाच्या दुकानातील ओंडका बहुधा चिंचेचा असतो, कारण सुऱ्याचे घाव सोसणारे असे चिवट लाकूड दुसरे सहज मिळत नाही. बाहेरचे लाकूड पिवळसर फिके आणि जुन्या झाडाचा गाभा गडद जांभळट तपकिरी असतो. दोन्ही रंग एकाच कांडीत येतील असे कापले तर पेनावर आपोआप नक्षी उमटते. हत्यार मात्र वारंवार धार लावून घ्यावे लागते.

बाभूळ : देशावर मुबलक. बैलगाडीची चाके आणि शेतीची अवजारे हिचीच होत. गाभा लालसर तपकिरी, जड आणि कडक. नीट घासली तर चकाकी उत्तम येते. नवशिक्याने हिच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

फणस : ताजा कापलेला पिवळा असतो आणि उजेडात हळूहळू सोनेरी तपकिरी होतो. वाद्ये बनवणारे कारागीर हे लाकूड पूर्वीपासून वापरतात. लेथवर सहज कातले जाते. रंग पुढे गडद होणार आहे हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

आंबा : साधे तुकडे फिके आणि नजरेत न भरणारे असतात. पण बुरशी लागून ज्यात काळ्या रेघा उमटल्या आहेत असे तुकडे फार सुंदर दिसतात. तुकडा नखाने दाबून पाहावा. नख रुतले तर तो कुजलेला आहे, टाकून द्यावा. आंब्याला पोखरणारा किडा लवकर लागतो, म्हणून तो जास्त दिवस साठवू नये.

हळदू : नावाप्रमाणे पिवळा, अगदी बारीक पोताचा. गिरण्यांतील बॉबिन आणि कंगवे याच लाकडाचे होत. लेथवर लोण्यासारखा चालतो.

पेरू, चिकू आणि संत्रे : ही बागेची झाडे. त्यांचे मोठे फळे निघत नाहीत म्हणून वखारीत त्यांना कोणी विचारत नाही. पेनाला मात्र मनगटाएवढी फांदीही पुरते. पेरूचे लाकूड चिवट आणि एकसारख्या पोताचे, चिकूचे लालसर आणि वजनदार, संत्र्याचे पिवळसर आणि बारीक असते. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि नागपूरकडच्या संत्र्याच्या बागा येथे छाटणीच्या किंवा जुनी झाडे काढण्याच्या वेळी मालकाशी आधीच बोलून ठेवावे.

माड आणि पोफळ : यांना इतर झाडांसारखा गाभा नसतो. उलट खोडाचा बाहेरचा भाग कडक आणि आतला मऊ असतो. म्हणून जुन्या माडाचा सालीजवळचा, काळसर रेषांचा भागच घ्यावा. कडक रेषांच्या मध्ये मऊ भुसा असल्याने कातताना तुसे निघतात. पातळ सुपरग्लू पाजून मग कातावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले तेव्हा माडा-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळी पडलेले खोड ओल्या जमिनीवर राहिले तर लवकर कुजते. चांगले तुकडे लगेच कापून सावलीत उभे केले तर नुकसानीतून थोडे तरी हाती लागते.

जुना साग : पाडलेल्या घरांचे वासे, तुळया, चौकटी. हे लाकूड कित्येक वर्षे सुकलेले असते, हा त्याचा मोठा गुण. कापण्यापूर्वी चुंबक फिरवून खिळे शोधावेत. सागात वाळूसारखा सिलिका हा पदार्थ असतो, त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते. तसेच तो तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी भोक स्पिरिटने पुसून घ्यावे.

पांगारा, शेवगा यांसारखी हलकी लाकडे पेनाला चालत नाहीत. पांगारा सावंतवाडीच्या लाकडी फळांसाठी उत्तम, पण पेनाच्या पातळ थरात तो दबतो.

सुकवणे : धंद्याचे निम्मे यश

ओले लाकूड सुकताना आडवे आकसते, लांबीत जवळजवळ मुळीच आकसत नाही. पेनाच्या आत पितळी नळी असते आणि ती आकसत नाही. बाहेरचे लाकूड आवळत जाते, आतली नळी जागा देत नाही, आणि एक दिवस पेनावर उभी चीर पडते. कोकणात पावसाळ्यात बनवलेले पेन चंद्रपूरच्या उन्हाळ्यात किंवा आखातातल्या एअर-कंडिशन खोलीत गेले की हे हमखास घडते. कारागीर म्हणतो लाकूड वाईट निघाले. खरे म्हणजे लाकूड चांगलेच होते, घाई वाईट होती.

पद्धत अशी ठेवावी :

१) ओंडका तसाच ठेवू नये. त्याच्या साधारण २० मिलिमीटर चौरस आणि १३० ते १५० मिलिमीटर लांब कांड्या कापाव्यात. फांदी असेल तर मधोमध चिरून घ्यावी. अगदी मधला बिंदू असलेली कांडी वापरू नये, ती फाटतेच.

२) कांडीच्या दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल लावावे. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने जाते आणि तिथूनच चिरा सुरू होतात.

३) प्रत्येक कांडीवर लाकडाचे नाव, आणल्याचे ठिकाण आणि तारीख लिहावी. तीन महिन्यांनंतर चिकू कोणता आणि पेरू कोणता हे कोणालाही आठवत नाही.

४) वारा खेळेल अशा रीतीने सावलीत, आडव्या-उभ्या थरांनी रचावे. उन्हात टाकू नये.

५) सोनाराच्या किंवा किराण्याच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नमुन्याच्या चार-पाच कांड्या दर आठवड्याला तोलाव्यात आणि वजन वहीत लिहावे. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन घटले नाही म्हणजे त्या हवेत लाकूड जेवढे सुकायचे तेवढे सुकले. इतक्या लहान कांड्यांना साधारण तीन ते सहा महिने लागतात, चिंचेसारख्या जड लाकडाला अधिक.

६) पावसाळ्यात हवाच ओली असल्याने लाकूड पुरते सुकत नाही. त्यासाठी जुन्या लाकडी पेटीत ४० वॉटचा पिवळा बल्ब लावून, वर दोन-चार भोके पाडून, कांड्या त्यात पंधरा दिवस ठेवाव्यात. बल्बला लाकूड किंवा कागद टेकणार नाही याची काळजी घ्यावी. वजन पुन्हा घटले तर समजावे की अजून ओल होती.

ज्याला इतके थांबता येत नाही त्याने जुन्या घराच्या सागापासून सुरुवात करावी आणि तोवर नव्या कांड्या सुकत ठेवाव्यात.

कामाचा क्रम

पहिले, कापणी. नळीपेक्षा प्रत्येक तुकडा दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवावा. कापण्यापूर्वी कांडीवर एक उभी रेघ मारावी, म्हणजे वरचा आणि खालचा तुकडा मूळ क्रमाने जुळतात आणि लाकडाच्या रेषा पेनभर सलग दिसतात. ही एक रेघ मारायला पाच सेकंद लागतात, पण घाईचे आणि निगुतीचे काम तिच्यावरून ओळखता येते.

दुसरे, भोक. तुकडा मध्यावर घट्ट धरून सावकाश भोक पाडावे. दर अर्ध्या इंचाला ड्रिल बाहेर काढून भुसा झटकावा. घाई केली तर ड्रिल तापते आणि लाकूड आतून तडकते. ती तड त्या वेळी दिसत नाही, पॉलिश झाल्यावर दिसते. ड्रिल पलीकडे निघताना तोंड फुटते. म्हणून तुकडा थोडा लांब ठेवून भोक पलीकडे न काढता थांबावे आणि शेवटचा भाग करवतीने कापून टाकावा.

तिसरे, नळी चिकटवणे. पितळी नळी पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करावी, गुळगुळीत पितळ डिंक धरत नाही. नळीच्या तोंडात मेण किंवा बटाट्याची चकती दाबून बसवावी, म्हणजे डिंक आत शिरत नाही. दोन भाग मिसळून होणारा अॅराल्डाइटसारखा डिंक वापरावा आणि नळी गोल फिरवत आत सरकवावी. एक दिवस हात लावू नये. जिथे डिंक पोचला नाही तिथे लाकूड पोकळ राहते आणि कातताना नेमके तिथेच उडते.

चौथे, टोके काटकोनात छाटणे. यासाठी नळीत सरकणारे छोटे हत्यार मिळते, त्याला बॅरल ट्रिमर म्हणतात. पितळ चमकू लागताच थांबावे. पितळ कापले गेले तर नळी आखूड होते आणि मळसूत्राचा हिशोब बिघडतो. टोक तिरके राहिले तर धातूची कडी आणि लाकूड यांत फट दिसते.

पाचवे, कातणे. दोन्ही तुकडे मँड्रेल नावाच्या सळईवर, दोन्ही बाजूंना योग्य मापाचे बुश घालून चढवावेत. टेलस्टॉक फार आवळू नये. आवळल्याने सळई वाकते आणि लाकूड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. वेग मिनिटाला दोन ते अडीच हजार फेरे ठेवावा. आधी गोलचीने चौकोनी तुकडा गोल करावा, मग तिरक्या पटाशीने आकार द्यावा. पलंगाच्या पायावर चालणारा जोर इथे चालत नाही, हत्यार नुसते टेकवायचे. टोकाला लाकूड बुशपेक्षा केसभर उंच असताना थांबावे, उरलेले काम पॉलिश पेपर करतो.

सहावे, घासणे. वेग कमी करून १५०, २२०, ३२०, ४०० आणि ६०० असे क्रमाने नंबर घ्यावेत, मधला नंबर गाळू नये. प्रत्येक नंबरनंतर यंत्र बंद करून लांबीच्या दिशेने एकदा हाताने घासावे, म्हणजे गोल ओरखडे निघून जातात. हळदू किंवा संत्र्यासारख्या फिक्या लाकडावर बुशच्या लोखंडाची काळी धूळ बसते. म्हणून टोकाशी घासताना बुशला पेपर लागू देऊ नये.

सातवे, जोडणी. दुकानातले दाबयंत्र नसेल तर बेंच वाईसच्या जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावून काम होते. टोक आधी बसवावे, मग मळसूत्री भाग थोडा थोडा दाबत रिफील घालून पाहावी. तो जास्त आत गेला तर रिफील मागे जात नाही आणि त्याला परत बाहेर काढणे अवघड असते.

पॉलिश : दिसणे आणि टिकणे

पेन दिवसभर घामट हातात असते. तेव्हा नुसते मेण लावून दिलेले पेन दुकानात चमकते आणि महिनाभरात निस्तेज होते.

लाखेचे काम करणाऱ्यांना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश ठाऊक आहेच. फिरत्या लाकडावर ते कापडाने दाबून लावले की घर्षणाच्या उष्णतेने चकाकी येते. सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागीर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवून थर देतात आणि केवड्यासारख्या पानाने घासून तो एकसारखा करतात. लाखेचे रूप ऊबदार असते, पण उष्णतेने आणि अत्तर, सॅनिटायझर यांतील स्पिरिटने ती बिघडते. म्हणून लाखेचे पेन विकताना हे सांगितले पाहिजे.

रोज वापरायच्या पेनाला पातळ सुपरग्लूचे आठ-दहा थर जास्त टिकतात. हा थर टिश्यू पेपरने द्यावा, सुती कापडाने कधीही देऊ नये. सुती कापड आणि सुपरग्लू यांचा संयोग झाला की कापड एकदम तापते आणि हात भाजतो. प्रत्येक थर वाळू द्यावा आणि शेवटी अगदी बारीक पेपरने घासावे.

कपडे, धूळ आणि डोळे

लेथवर लांब कुर्त्याची सैल बाही, मफलर किंवा ओढणी असू नये. बाही कोपरापर्यंत दुमडावी. चष्मा आणि धुळीचा मास्क नेहमी लावावा. शिसवाच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते आणि श्वासाचा त्रास होतो. सुपरग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. स्पिरिटची बाटली आणि विडी-सिगारेट एका खोलीत नको. घासणे, पॉलिश आणि पॅकिंग ही कामे घरातील स्त्रिया करीत असतील तर त्यांनाही हीच साधने द्यावीत.

कायदा आणि पावती

तुकडा लहान आहे म्हणून कायदा लागू नाही, असे समजू नये. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, हिरडा, मोह इत्यादी झाडे आहेत. स्वतःच्या जमिनीतील असले तरी ते झाड तोडण्यापूर्वी परवानगी लागते. नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. काही जातींचे लाकूड एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. चंदनाच्या वाटेला तर कागदपत्राशिवाय जाऊच नये.

शिसवाबद्दल आणखी एक गोष्ट. शिसवाचा सारा वंश जानेवारी २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. नोव्हेंबर २०१९ पासून, एका खेपेत या लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असेल तर तयार वस्तूंना त्यातून सवलत आहे. तरीही परदेशी माल पाठवण्यापूर्वी आपल्याकडील आणि त्या देशाचे नियम निर्यात कार्यालयातून विचारून घ्यावेत.

सर्वांत सोपा उपाय असा : वखारीतून तुकडे घेतले तर पावती घ्यावी, बागेतून घेतले तर मालकाची दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी, जुन्या घराचे घेतले तर तसे लिहून ठेवावे. ही फाइल अधिकाऱ्यालाही दाखवता येते आणि गिऱ्हाइकालाही.

हिशोब

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या गावचे भाव घालून प्रत्येकाने आपला हिशोब करावा. समजा, कीट २०० रुपये, डिंक-पेपर-पॉलिश २५, लाकूड आणि त्याची आणणावळ १५, वीज आणि हत्यारांची झीज २० आणि सव्वा तासाची मजुरी १५० रुपये. एकूण ४१० रुपये झाले.

दहा पेनांमागे एक फुटते असे धरले, तर नऊ पेनांनी दहाचा खर्च उचलायचा. म्हणजे एका पेनाला सुमारे ४५६ रुपये पडले. फुटलेल्यातील काही भाग वाचतात हे खरे, पण हिशोबात ते वाचत नाहीत असेच धरावे. डबी आणि कार्डाचे ४० रुपये मिळवले की ४९६ रुपये होतात.

दुकानदार ३० टक्के कमिशन घेत असेल आणि पेन ८०० रुपयांना विकले गेले, तर आपल्या हाती ५६० रुपये येतात. मजुरीवर नफा ६४ रुपये. हेच पेन ‘धंदा जमवायचा आहे’ म्हणून ४०० रुपयांना दिले, तर ९६ रुपये मजुरीतून गेले. सव्वा तास राबून कारागिराच्या हाती ५४ रुपये उरले. आपले कितीतरी चांगले कारागीर असेच बुडाले आहेत. हातात रोख येते म्हणून धंदा चालतो आहे असे वाटते आणि स्वतःची मजुरी कोणी लिहीतच नाही. ज्या वहीत आपल्या मजुरीचा रकाना नाही ती हिशोबाची वही नव्हे.

सुरुवातीला एकदम शंभर कीट घेऊ नयेत. दहा घ्यावीत. पाच पेने स्वतः, घरचे आणि मित्र यांनी पावसाळा आणि उन्हाळा असे दोन्ही ऋतू वापरून पाहावीत. ती टिकली की मग बाजारात उतरावे.

विक्री

साध्या बॉलपेनशी स्पर्धा करायची नाही, ते दहा रुपयांत मिळते आणि चांगले लिहिते. लाकडी पेन ही भेटवस्तू आहे. शाळा-मदरशांतील निरोप समारंभ, पदवी, निवृत्ती, वकील-डॉक्टरांचे नवे कार्यालय, लग्नात वडीलधाऱ्यांना द्यायची भेट आणि कोकणातील पर्यटक ही तिची गिऱ्हाइके. प्रत्येक पेनाबरोबर छोटे कार्ड द्यावे : लाकडाचे नाव, ते कुठून आले, पॉलिश कोणते, रिफील कोणती बसते आणि पेन पाण्यात व मोटारीच्या काचेमागे उन्हात ठेवू नये ही सूचना.

यापेक्षाही मोठे काम गिऱ्हाइकाने आणलेल्या लाकडाचे आहे. रत्नागिरी-रायगडकडील आपली कितीतरी कुटुंबे मुंबईत, आखातात आणि पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेतही आहेत. गावचे घर पाडताना आजोबांच्या ओटीवरचा खांब, दाराची चौकट, वाडीतला वादळात पडलेला फणस यांचे तुकडे ते फेकून देतात. त्याच तुकड्यातून भावंडांसाठी आठ पेने करून दिली, तर त्यांची किंमत कोणी दुसऱ्या दुकानाशी ताडून पाहत नाही. अशा कामात लाकूड अदलाबदल होऊ न देणे ही अमानत आहे. तुकड्यावर गिऱ्हाइकाचे नाव टाकावे, पेने झाल्यावर उरलेले लाकूड परत करावे आणि एखादा तुकडा फुटला तर तसे सांगावे. आपल्याकडचा दुसरा साग गुपचूप घालू नये. तो दिसायला सारखाच असेल, पण तो त्यांच्या घराचा नव्हे.

हीच गोष्ट बाजारच्या मालाचीही. आंब्याला रंग देऊन शिसव म्हणून विकणारे आहेत. रंग देणे चुकीचे नाही, पण कार्डावर ‘रंगवलेला आंबा’ असे लिहिले पाहिजे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, त्या हदीसमधील प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेला आहे. न सुकलेली कांडी चकचकीत पॉलिशखाली झाकून विकणे यात आणि त्यात फरक नाही. वरची चमक पहिल्या दिवशी सर्वांचीच सारखी असते. आतली ओल कोणाची होती ते उन्हाळा सांगतो.

ज्यांच्याकडे लेथ यंत्र आहे त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे : चुलीत जाणाऱ्या ढिगातून पाच वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे बाजूला काढावेत, कांड्या कापाव्यात, टोकांना मेण लावावे, नाव आणि तारीख लिहावी आणि पहिले वजन वहीत नोंदवावे. कीट घेण्याची घाई नको. लाकूड सुकेपर्यंत मुलाला शेजारी उभे करून बाभळीच्या रद्दी तुकड्यांवर तिरकी पटाशी चालवायला शिकवावे. लाकूड तयार होईल तोवर त्याचा हातही तयार होईल.